रोपाला ताण!

सूचनापेटी ही कुलूप लावून ठेवायची आणि किल्ली हरवायची वस्तू आहे, असे माझे बँकेतल्या वीस वर्षांच्या नोकरीनंतर बनलेले मत आहे. माझी धाकटी ज्या बालवाडीत जाते, तिथल्या बाईंना हे शहाणपण सुचले नाही. त्यांनी पालकांकडून लेखी सूचना मागवल्या आणि कारकुनाला दुसरे काम नसते या समजुतीने यादी करायला माझ्याकडे दिल्या.

यादी अशी : रोज गृहपाठ द्यावा. दर महिन्याला परीक्षा घेऊन नंबर काढावेत. गोष्टी कमी कराव्यात, त्या घरी टीव्हीवर असतात. आणि सर्वांत जास्त सह्या जिच्यावर पडल्या ती सूचना : रेतीचा हौद बुजवून तिथे बाकडी टाकावीत.

सभेत एक गृहस्थ तर उभेच राहिले. ‘‘बाई, आमचं पोट्टं सहा महिन्यांपासून येऊन रायलं, अजून शंभरपर्यंत लिवता येत नाई. काऊन?’’

पोट्ट्याचे वय साडेतीन! आमच्या बँकेच्या भाषेत ‘अज्ञान’. त्याच्या खात्यावर पालक सही करतो, कारण पालक सज्ञान असतो असे कायदा धरून चालतो. कायदा भोळा असतो, दुसरे काय?

बरे, हे गृहस्थ संत्र्याचे बागाईतदार. वरूडच्या माणसाला ताण म्हणजे काय हे सांगायला नको. आंबिया बहारासाठी थंडीत पाणी तोडायचे आणि झाड ताणावर सोडायचे. पण कोणते झाड? फळावर आलेले! शेंदुरजना घाटहून आणलेल्या कलमाला पहिल्या उन्हाळ्यात कोणी ताण देतो काय? त्याला पाणी घालतात, वर तुराट्यांची सावली करतात. चार-पाच वर्षे फळाचे नाव काढत नाहीत. लवकर फुलले तर फुले खुडून टाकतात. एवढे शहाणपण झाडाच्या बाबतीत दाखवणारा माणूस पोराच्या बाबतीत मात्र लावल्या दिवशी टोपली घेऊन बुंध्याशी बसतो!

हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. लग्नानंतर काही वर्षे आपल्या अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडकांनी सारा जन्म याच कामात घातला. 1945 साली त्यांनी बोर्डीला बालवाडी काढली, 1957 साली काम कोसबाडला नेले. पोरे बालवाडीत येईनात, तेव्हा त्या बालवाडीच पोरांच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी अनुताई वाघांच्या साथीने कुरणात शाळा भरवली. शाळेने मुलाकडे जायचे असते, हा त्यांचा हिशेब. आपण मात्र मुलाला बाकड्याकडे ओढत नेतो.

‘‘पण पुढच्या शाळेत घेत नाहीत ना साहेब!’’ हे खरे आहे. ही भीती खोटी म्हणणार नाही. तीच सगळ्या सूचनांच्या मुळाशी आहे. पण बालवाडीच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती बंद करा, असे यशपाल समितीने 1993 सालीच सांगितले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांपर्यंतचा टप्पा खेळातून शिकण्याचा मानला. तेव्हा भांडायचेच तर साडेतीन वर्षांच्या पोराची परीक्षा घेणाऱ्या शाळेशी भांडा. तिच्यासमोर आपण हात जोडतो आणि राग रेतीच्या हौदावर काढतो.

त्या हौदात काय होते ते एकदा पाहा. ओली रेती दाबून बोटांत बळ येते. उद्या पेन्सिल तीच बोटे धरणार. डब्याने माप कळते. एकच घमेले असले की आपली पाळी येईपर्यंत थांबणे कळते. हे शेवटचे तर आमच्या काउंटरसमोरच्या रांगेतल्या पदवीधरांनाही अजून जमलेले नाही.

सूचना जरूर करा. स्वच्छ संडास मागा. पिण्याचे पाणी मागा. चाळीस पोरांमागे एकच बाई आहे, तिला मदतनीस मागा आणि बाईंचा पगार वाढवायला सांगा. आठवड्यातून एकदा एखाद्या आजीला बोलावून वऱ्हाडीत गोष्ट सांगायला लावा. यातले काही महाग पडेल, हे मी हिशेबनीस म्हणून कबूल करतो. पण बाकडीही फुकट येत नाहीत.

हौद बुजवण्याच्या कागदावर अजून एक सही हवी आहे म्हणतात. ती माझी मिळणार नाही. आणि कोणी माझ्या नावाने केलीच, तर सही जुळत नाही म्हणून कागद परत पाठवण्याची मला वीस वर्षांची सवय आहे.