पेचकसाचे पाते

धारच्या आमच्या घरात मातोश्रींचे शिवणयंत्र आहे. गेल्या पावसाळ्यात सुईखालच्या पट्टीचा स्क्रू काढावयास आम्ही हाताशी आला तो पेचकस घेतला. पाते अरुंद होते. ते घसरले, खाचेच्या कडा सोलल्या आणि स्क्रू जागचा हलला नाही. मातोश्री आता हयात नाहीत. त्यांनी चाळीस वर्षे जपलेल्या वस्तूस आमच्या हातून इजा व्हावी, हे मनास फार लागले.

शेवटी यंत्र देवासला मेहुण्यांकडे नेले. उभी हयात यंत्रजुळणीत गेलेला हा गृहस्थ. खाच निरखून ते एवढेच म्हणाले, "भाऊजी, आधी स्क्रूचे डोके पाहावे, मग पेचकस उचलावा."

देवासात थोरली पाती व धाकटी पाती एकाच गावात नांदल्या, हे वाचकांस ठाऊकच आहे. मेहुण्यांच्या पेटीतही सपाट टोकांची थोरली-धाकटी पाती अशीच शेजारी होती. एका खाचेच्या स्क्रूस पाते खाचेइतके रुंद आणि तिच्यात डुगडुगणार नाही इतके जाड लागते. आमची चूक नेमकी हीच.

फुलीचे टोक अमेरिकेतील हेन्री फिलिप्स यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांना त्याची पेटंटे १९३६ साली मिळाली. बाजारात त्यालाच 'स्टार' म्हणतात. पण खरा तारा निराळा, सहा पाकळ्यांचा, 'टॉर्क्स' नावाचा. (मराठीच्या मास्तरास हा नामविपर्यास खुपतोच!) फिलिप्सचे टोक निमुळते असल्याने जोर वाढला की वर सरकते आणि फुली गोल करून टाकते. त्याचा जुळा भासणारा 'पॉझिड्राइव्ह' ओळखावा तो स्क्रूच्या डोक्यावरून: फुलीच्या भुजांमध्ये चार बारीक तिरप्या रेघा दिसतात. तेथे फिलिप्स वापरला तर नीट पकड मिळत नाही. फुलीतही लहानमोठे क्रमांक असतात. घरगुती कामे बहुधा दोन क्रमांकावर भागतात. चौकोनी टोक कॅनडाच्या रॉबर्टसन यांचे, १९०८ सालचे; आपल्याकडे ते क्वचितच दिसते.

मेहुण्यांनी स्क्रूवर तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवला. सकाळी बारीक कानशीने खाच किंचित खोल केली, मापाचे पाते बसविले, तळहाताने दाबून फिरविले. स्क्रू निघाला. नवा स्क्रू आणू म्हटले, तर ते म्हणाले, "शिवणयंत्राचे आटे वेगळे असतात, मिळेल तो बसेलच असे नाही." तोच परत बसविला आहे.