गोव्याचा माणूस, मोझांबिकचा लढा

१७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या चारठाण्यात झेंडा चढतो, तेव्हा १९४८ साली निजामी राजवटीतून सुटल्याची आठवण निघतेच. यंदा तिच्या जोडीने आणखी एक नाव घ्यावंसं वाटतं: आक्विनो द ब्रागांझा.

जन्म गोव्यातला, १९२४ चा. एप्रिल १९६१ मध्ये पोर्तुगिजांच्या वसाहतींमधल्या लढवय्यांनी कासाब्लांकाला एकत्र येऊन संघटना उभारली, तिच्या संस्थापकांत ते होते. डिसेंबरात गोवा सुटला. यांचा लढा मात्र संपला नव्हता. मोझांबिक १९७५ मध्ये स्वतंत्र झाला आणि ते तिथलेच झाले.

१७ ऑगस्ट १९८२. मापुटोच्या विद्यापीठात, आपल्या कचेरीत, वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या दक्षिण आफ्रिकी कार्यकर्त्या रूथ फर्स्ट यांनी टपालाने आलेलं पाकीट फोडलं. स्फोट झाला, त्या जागीच गेल्या. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी राजवटीच्या हेरांनी पाठवलेलं होतं ते. आक्विनो त्याच खोलीत होते. जखमी झाले, पण मापुटो सोडलं नाही. १९ ऑक्टोबर १९८६ ला राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचं विमान कोसळलं, त्यात तेही गेले. अपघात की घातपात, हा वाद अजून मिटलेला नाही.

इतक्या जवळच्या माणसाचं नाव मला इतक्या उशिरा कळलं, याची खंत आहे. या अंकातला त्यांच्यावरचा लेख आधी वाचा.