आरोग्यविचार : बॉयलरवरचे आवरण

देशपांडे नगरातील एका भगिनींनी विचारले आहे की, त्यांचे ८२ वर्षांचे सासरे पूर्वी हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात होते. अलीकडे चार पायऱ्या चढताच त्यांना धाप लागते व कोरडा खोकला हटत नाही. विडी त्यांनी कधी ओढली नाही. हा म्हातारपणाचा दमाच समजावा काय?

मासिकाच्या पानावरून निदान करता येत नाही. परंतु सासऱ्यांकडे कोणते काम होते, हे डॉक्टरांना कोणी सांगितले आहे काय? वाफेच्या इंजिनांचा तो काळ. बॉयलरची उष्णता वाया जाऊ नये म्हणून वरच्या पत्र्याखाली अ‍ॅस्बेस्टॉसचे आवरण घालीत. नवे चढविण्यापेक्षा जुने, भुगा झालेले आवरण खरवडून काढणे अधिक घातक. नाकाला बांधलेल्या फडक्याला ते तंतू दाद देत नाहीत. केसाहून कितीतरी सूक्ष्म असे हे तंतू फुप्फुसात खोल रुततात, भोवतालचा भाग हळूहळू कठीण होतो आणि श्वास अपुरा पडू लागतो. हा अ‍ॅस्बेस्टॉसिस. फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसावरील पडद्याचा मेसोथेलिओमा हेही याच धुळीचे विकार. ते बहुधा २० ते ४० वर्षांनी प्रकट होतात. तोवर निवृत्तीचा हारही सुकून गेलेला असतो, मग जुन्या नोकरीची आठवण कोणाला!

मुंबईच्या एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीतील कामगारांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तपासलेल्यांपैकी पाचांत एकाहून अधिकांस हा रोग आढळला. त्यापूर्वी, १९९५ साली, सर्वोच्च न्यायालयाने अशा कारखान्यांना कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. न्यायालयाला जे उमगले, ते आपल्या केसपेपरवर मात्र क्वचितच दिसते. तेथे वय, वजन असते, धंदा नसतो.

तेव्हा सासऱ्यांना रेल्वेच्या रुग्णालयात न्यावे आणि कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले, ते एका कागदावर लिहून द्यावे. छातीचा एक्स-रे, फुंकून घ्यावयाची श्वासचाचणी व गरज पडल्यास सीटी स्कॅन, यांवरून उलगडा होईल. कठीण झालेले फुप्फुस पूर्ववत करणारे औषध नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तथापि फ्लू व न्यूमोनियाच्या लसी, श्वसनाचे व्यायाम आणि वेळेवर प्राणवायू यांनी दिवस पुष्कळ सुसह्य होतात.

पत्रात सासूबाईंचा उल्लेख नाही. कामावरचे कपडे झटकून धूत कोण होते? लंडनमध्ये १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या मेसोथेलिओमाच्या संशोधनात, कारखान्यात कधी काम न केलेल्या, केवळ घरच्या कामगाराचे कपडे धुतलेल्या स्त्रियाही होत्या. त्यांना खोकला वा धाप असेल, तर त्याच दिवशी त्यांनाही बरोबर न्यावे. कागदावर त्यांचेही काम लिहावे.