रिकामपणचे उद्योग : बोटभर माणसाचा पितळी हात

'स्टीमपंक' हा शब्द आमच्या वयाच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल; परंतु ज्या कल्पनेचें तें नांव आहे ती कल्पना समजण्यास मुळींच कठीण नाहीं. खनिज तेलाचीं यंत्रें आणि वीज यांचें राज्य आलेंच नसतें, व सारें जग वाफेच्याच बळावर पुढें गेलें असतें, तर माणसांचे पोषाख, वाहनें, हत्यारें, फार काय पण हातपायदेखील कसे असते, याचें मनोराज्य म्हणजे स्टीमपंक. हा शब्द के. डब्ल्यू. जीटर या अमेरिकन कादंबरीकारानें १९८७ सालीं थोड्याशा थट्टेनेंच बनविला. तथापि या मनोराज्याचें मूळ ज्यूल व्हर्न व एच. जी. वेल्स यांच्या एकोणिसाव्या शतकांतील कथांत आहे, आणि त्याची भूमि म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळचें इंग्लंड. मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली ती याच काळांत. तेव्हां त्या बाष्पयुगाशीं आपला संबंध अगदींच दूरचा नाहीं.

या कल्पित जगांतील स्त्रीपुरुषांच्या धातूच्या लघुमूर्ति परदेशांत ओतल्या जातात, आणि शौकीन लोक त्या घांसून, जोडून, त्यांत फेरफार करून रंगवितात. इंग्लंडांतील नॉटिंगहॅम व त्याच्या आसपासचा मुलूख या धंद्याचें मोठें ठाणें आहे. कालयंत्राची सुप्रसिद्ध कथा १८९५ सालीं लिहिणारे वेल्स हेच पुढें १९१३ सालीं 'लिटल वॉर्स' हें खेळांतल्या शिपायांच्या लढाईचें पुस्तक लिहिते झाले, ही गोष्ट या छंदाच्या कुलवृत्तान्तांत नोंदण्यासारखी आहे.

आमच्या घरीं हा उद्योग पुतण्याच्या कन्येनें आणला. इंग्लंडाहून टपालानें आलेली तिची मूर्ति अवघी २८ मिलिमीटर, म्हणजे इंचाहून किंचित् अधिक उंच. उंच टोपीचा एक गृहस्थ काठी टेकून उभा. त्याचा डावा हात कापून तेथें वाफेनें चालणारा पितळी हात बसवावयाचा, असा तिचा बेत. आमच्या वहिनींनीं तें ऐकून कपाळाला हात लावला. "अगो, पदवी घेतलेल्या मुलीनें हें कासारकाम कशाला करायचं?" मुलगी म्हणाली, "आजी, पुस्तकांत आकृति पाहिली तेव्हां दट्ट्या समजला असं वाटलं होतं. करायला बसलें तेव्हां तो समजला नव्हता, हें समजलं." या उत्तरांत पुष्कळ शाळांचें परीक्षण आहे, असें मला माझ्या अध्यापकीच्या अनुभवावरून वाटतें.

प्रथम मूर्ति कशी होते तें पाहूं. आपल्याकडील ओतकामांत मेणाची प्रतिमा करून तिच्यावर माती लिंपतात, मेण वितळवून काढतात, व त्या पोकळींत धातु ओततात. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' या ग्रंथांत ही कृति वर्णिली आहे. तेथें प्रत्येक मूर्तीला एक सांचा खर्ची पडतो. या लघुमूर्तींसाठीं रबराच्या दोन चकत्यांमध्यें मूळ प्रतिमा दाबून उष्णतेनें रबर पक्कें करतात, आणि तो सांचा गरगर फिरवीत असतांना मधोमध वितळलेली धातु सोडतात. फिरण्याच्या जोरानें ती बारीकसारीक खांचांत शिरते. एकाच सांच्यांतून अशा पुष्कळ मूर्ति निघतात. धातु मुख्यतः कथील, म्हणजे ज्यानें आपल्या भांड्यांस कल्हई होते तेंच. जुन्या मूर्तींत मात्र शिशाचें मिश्रण असे.

सांच्याच्या दोन अर्धांच्या सांध्यावर मूर्तीला एक बारीक कंगोरा उमटतो. तो प्रथम बारीक कानशीनें काढावा. न काढल्यास रंग दिल्यावर चेहऱ्यावरून ओरखडा गेल्यासारखा दिसतो. शिसें असल्याचा संशय असेल तर पाणी लावून घांसावें, खालीं कागद पसरावा, कीस फुंकूं नये किंवा झाडूं नये, ओल्या फडक्यानें टिपून घ्यावा. काम चालू असतांना कांहीं खाऊं नये व नंतर हात साबणानें धुवावे. लहान मुलें व गरोदर स्त्रिया यांस या कामापासून दूर ठेवावें, आणि असली धातु स्वयंपाकघरांत किंवा स्वयंपाकाच्या भांड्यांत कधींही वितळवूं नये. यानंतर मूर्ति कोमट पाण्यांत साबण घालून जुन्या दांतघांसणीनें स्वच्छ करावी. सांच्याची भुकटी व बोटांचें तेल राहिल्यास रंग धरत नाहीं.

आतां फेरफार. सोनाराच्या बारीक करवतीनें हात खांद्याखालीं कापावा. नवा हात नुसत्या झटपट चिकटणाऱ्या गोंदानें लावला, तर पहिल्या धक्क्यास निखळतो. कारण तो गोंद ओढ सोसतो, आडवा धक्का सोसत नाहीं. यासाठीं खांद्यांत हातगिरमिटानें भोंक पाडून पितळेची तार बसवावी व तिच्याभोंवतीं नवा हात रचावा. बारीक तारेवर त्याहून बारीक तार गुंडाळली कीं वाफेची नळी होते. बॉलपेनच्या रिफिलीचा तुकडा पाठीवरचा बॉयलर होतो. सांधे व फटी इपॉक्सीच्या पुटीनें भराव्या. हिच्या निळ्या व पिवळ्या पट्ट्या एकत्र मळल्या कीं हिरवा गोळा होतो, आणि घट्ट होण्यास त्याला कांहीं तास लागतात. हत्यार पाण्यांत बुडवून घेतल्यास तें पुटीला चिकटत नाहीं.

येथें एक गोष्ट मी नातीस आग्रहानें सांगितली. वाटेल तेथें दांत्यांचीं चाकें चिकटविलीं म्हणजे यंत्र होत नाहीं. वाफ कोठें उत्पन्न होते, कोठें काम करते व कोठून बाहेर जाते, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मूर्तीकडे पाहून मिळालीं पाहिजेत. विस्तव असेल तेथें धुराडें हवें. बॉयलर असेल तेथें जादा वाफ सोडणारी झडप हवी. तीन चाकें त्रिकोणांत एकमेकांस लागलेलीं असलीं, तर तीं फिरूंच शकत नाहींत; कारण लगतच्या दोन चाकांची गति परस्परविरुद्ध असते, आणि तिसऱ्या चाकास दोघांच्याही उलट फिरणें शक्य नसतें. तिच्या पहिल्या आराखड्यांत नेमकीं अशीं तीन चाकें होतीं. कागदावर बाण काढून पाहतांच तिनें एक चाक स्वतःच खोडलें.

चाकांसाठीं जुनीं घड्याळें फोडण्याचा मोह सर्वांना होतो. परंतु अंधारांत चकाकणाऱ्या आंकड्यांचें जुनें घड्याळ उघडूं नये. त्या लेपांत रेडियम असण्याचा संभव असतो, आणि चकाकी गेली तरी त्याचें विष जात नाहीं. अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतीं १९१७ च्या सुमारास तरुण मुली घड्याळांच्या तबकड्या या लेपानें रंगवीत, व कुंचल्याचें टोक ओठांनीं अणकुचीदार करीत. त्यांच्या जबड्यांचीं हाडें कुजलीं, कित्येकी दगावल्या, आणि १९२८ सालीं त्यांपैकीं पांच जणींच्या खटल्याची तडजोड झाली. कुंचला ओठांत धरण्याची संवय आजही अनेक रंगविणारांस असते. रंग कोणताही असो, ही संवय घरांत लागूं देऊं नये. टोक ओल्या फडक्यावर फिरवूनही निघतें.

रंगाआधीं अस्तराचा पातळ हात मोकळ्या हवेंत द्यावा. पावसाळ्यांतील दमट दिवशीं दिला तर तो खरखरीत बसतो. रंग पाण्यानें दुधाइतका पातळ करावा, व एका जाड हाताऐवजीं दोन पातळ हात द्यावे. पितळेसाठीं आधीं तपकिरी, त्यावर पितळी रंग, मग खांचांत उतरेल असा पातळ काळसर तपकिरी हात, आणि शेवटीं फक्त कडांवर उजळ पितळ. पितळेंत तांबें असतें. म्हणून जेथें पाणी सांचेल तेथें किंचित् हिरवट निळी झांक द्यावी. धुराड्याच्या तोंडाशीं काजळी, सांध्यांशीं तेलाचा डाग. सर्व वाळल्यावर रोगण. असें केलें म्हणजे तो हात कालच बाजारांतून आणलेला न दिसतां वापरांतला दिसतो.

या निमित्तानें मला भोजराजाच्या 'समरांगणसूत्रधार' या अकराव्या शतकांतील ग्रंथाची आठवण झाली. त्याच्या यंत्राध्यायांत आपोआप हालणाऱ्या बाहुल्या व तापविलेल्या पाऱ्याच्या बळावर उडणारा लांकडी पक्षी वर्णिला आहे. तो पक्षी खरोखर उडाला असें मानण्यास आधार नाहीं. तेंही एक मनोराज्यच. परंतु ग्रंथकार म्हणतो कीं, यंत्रांची घडण मी सांगत नाहीं ती अज्ञानामुळें नव्हे, गुप्तता राखण्यासाठीं. मला वाटतें, या एका वाक्यांत आपली मोठी हानि सांठली आहे. ज्याच्या हातांत पोथी त्याच्या हातांत कानस नव्हती, आणि ज्याच्या हातांत कानस त्याची कृति कोणीं लिहून ठेविली नाहीं. वहिनींचा 'कासारकाम' हा शब्द त्याच दुराव्याचा वारसा आहे.

नातीनें मात्र वही ठेविली आहे. कोणतें भोंक किती जाडीचें, कोणत्या रंगांत किती पाणी, काय बिघडलें व कां बिघडलें, हें सर्व तींत तारीखवार आहे. या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा उद्योग चालू असेल, त्यांनीं मुलांस दोन वस्तु अवश्य द्याव्या : खिडकीजवळ उजेडाची एक जागा, जेथून त्यांचें सामान जेवणाच्या वेळीं कोणी उचलणार नाहीं, आणि एक कोरी वही. परवां वहिनींनीं ती मूर्ति भिंगाखालीं बराच वेळ पाहिली, व त्या बॉयलरांत पाणी कोठून भरावयाचें असें विचारलें. तें तोंड ठेवावयाचें राहिलें होतें. तें आतां होत आहे.