कायदा बदलला, घराचं काय?

मैत्रिणींनो, एड्सचा विषय निघाला की आपल्याकडे ट्रकवाले आणि वेश्यावस्ती यापलीकडे बोलणं जात नाही. ज्या पुरुषांना पुरुषांचंच आकर्षण वाटतं, त्यांच्याबद्दल तर अवाक्षरही नाही. ‘ती मोठ्या शहरातली थेरं’ म्हणून आपण मोकळ्या होतो. पण असे मुलगे आपल्या गल्लीतही असतात. कुणाचा भाऊ असतो, कुणाचा दीर, कुणाचा नवरासुद्धा.

‘नॅको’ या सरकारी संस्थेने २०१७ साली पाहणी केली. त्यात अशा पुरुषांमध्ये एचआयव्हीची लागण शेकडा २.६९ आढळली. देशातल्या एकूण प्रौढांत हे प्रमाण तेव्हा साधारण ०.२२ होतं. एवढा फरक कशामुळे? एक कारण शरीराचं आहे. गुदमार्गाची आतली त्वचा नाजूक असते, त्यामुळे निरोध न वापरता आलेल्या संबंधात विषाणू लवकर शिरतो. दुसरं कारण मात्र आपण, म्हणजे समाजाने तयार केलंय. ते म्हणजे लपवाछपवी. घाईगर्दीत, अंधारात, भीतीपोटी भेटणाऱ्याला निरोध जवळ बाळगायचीही चोरी. डॉक्टरांना खरं सांगायचं तर गावभर होईल ही धास्ती. मग तपासणी राहते आणि आजार वाढतो.

कायद्यानेही या भीतीला खतपाणीच घातलं. २००१ मध्ये लखनौला या पुरुषांमध्ये एड्स प्रतिबंधाचं काम करणाऱ्या चार कार्यकर्त्यांना पोलिसांनी पकडलं. माहितीपत्रकं वाटणारी ही माणसं ४७ दिवस तुरुंगात होती! त्याच वर्षी नाझ फाउंडेशनने कलम ३७७ विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. २००६ मध्ये खुद्द ‘नॅको’ने न्यायालयात सांगितलं, की या कलमामुळे माणसं लपून राहतात आणि आमचं काम अडतं. गृहखात्याचा मात्र विरोध होता. एकाच सरकारची दोन तोंडं! २००९ ला दिलासा मिळाला, २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीने होणारे असे संबंध गुन्हा राहिले नाहीत.

पोलिसांची भीती कमी झाली, पण घरातली? ‘लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल’ हा आपला ठरलेला उपाय. आकर्षण हा काही आजार नव्हे, की अक्षता पडल्या आणि बरा झाला. त्यात मुलाची घुसमट होतेच, शिवाय दुसऱ्याच्या लेकीचीही फसवणूक होते. लपूनछपून संबंध चालू राहिले, तर धोका तिच्यापर्यंत पोचतो. मग गरोदरपणातल्या तपासणीत तिचंच रक्त आधी बोलतं, आणि बोलही तिलाच लावतात.

मग करायचं काय? सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात तपासणी मोफत होते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तपासणीला संमती लागते आणि माहिती गुप्त ठेवावी लागते. निरोधासोबत पाण्याचा अंश असलेलं वंगण वापरावं. खोबरेल तेलाने तो फाटू शकतो. धोक्याचा संबंध घडलाच, तर ७२ तासांच्या आत औषध सुरू केल्यास लागण टळू शकते, म्हणून लगेच डॉक्टरांकडे जावं. आणि लागण झालीच, तरी एआरटी गोळ्या २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. त्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडत नाही इतका कमी राहिला, तर संबंधातून लागण होत नाही.

पण हे सगळं त्या मुलापर्यंत पोचायला हवं ना? ज्या घरात ‘तसल्यांची’ टिंगल चालते, तिथे तो कसा तोंड उघडेल? आपल्याला भाषण करायची गरज नाही. टीव्हीवर असं पात्र दिसलं की हसणं थांबवूया. मुलगा लग्नाला वारंवार नको म्हणत असेल, तर मुली दाखवण्याआधी शांतपणे कारण विचारूया. आणि ‘नॅको’चा मोफत मदत क्रमांक, १०९७, घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवूया. ज्याला गरज असेल, तो बघेल.