माणसाचा लांडगा

मुलांनो, भीतीच्या चित्रपटांत पौर्णिमेच्या रात्री माणसाचा लांडगा होतो. अंगावर केस उगवतात, सुळे वाढतात आणि तुम्ही हसता. पण माझ्या मते या गोष्टीतले खरे भय केसांत नाही.

१९४१ सालचा अमेरिकन चित्रपट 'द वुल्फ मॅन' घ्या. त्याचे लेखक कर्ट सिओडमाक ज्यू होते. हिटलर सत्तेवर आला, त्या १९३३ साली त्यांनी जर्मनी सोडली. साध्यासुध्या माणसांना बदलताना त्यांनी पाहिले असणारच. त्यांचा लॅरी दुष्ट नाही. एका मुलीला वाचवायला तो धावतो आणि लांडगा त्याला चावतो. मग त्याच्या हातून खून होतो. पुढची शिकार कोण, हेही त्याला कळते. तिच्या तळहातावर त्याला तारा दिसतो. कळते, पण थांबता येत नाही. रागात धाकट्या भावावर हात उगारल्यावर तुम्हालाही स्वतःची अशी भीती वाटली असेल.

आपल्याकडे १९९२ च्या 'जुनून'मध्ये नायक पौर्णिमेला वाघ होतो. तिथे मला वाघच लक्षात राहिला, माणूस नाही.

लॅरी वडिलांना सारे सांगतो. त्यांना तो मनाचा आजार वाटतो. शेवटी जंगलात तेच चांदीच्या मुठीच्या काठीने लांडग्याला मारतात. खाली पाहतात, तर लांडग्याचा चेहरा हळूहळू त्यांच्या मुलाचा होत असतो.