बर्गर, वडापाव आणि नानांची गाडी

परवा आमच्या पुतणीने वाढदिवसाला बर्गर मागितला. शेजारी नाना बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, आयुष्यातली बरीच वर्षे परळच्या गिरणीत गेली. म्हणाले, "म्हणजे वडापावच ना?" पोरगी हसली. आम्ही मात्र हसलो नाही, कारण नानांचे म्हणणे फारसे चूक नाही.

जगभर गाजलेला बिग मॅक हा बर्गर १९६७ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, युनियनटाउन या गावी जिम डेलिगाटी यांनी आपल्या मॅकडोनाल्डच्या दुकानात प्रथम विकला. तो भाग कोळसा-पोलादाचा. राबून आलेल्या माणसाचे लहान बर्गरने भागेना, म्हणून दोन टिक्क्या आणि मध्ये पावाचा तिसरा काप. किंमत ४५ सेंट. पुढच्याच वर्षी कंपनीने तो देशभर नेला. डेलिगाटींना त्यावर रॉयल्टी मिळाली नाही! १९८६ पासून तर 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिक निरनिराळ्या देशांतल्या बिग मॅकच्या किमती मांडून चलनांची तुलना करते. आम्ही बी.कॉम.ला विनिमय दर घोकला, तेव्हा असे कोणी शिकवले असते तर दोन गुण जास्त पडले असते.

मॅकडोनाल्ड १९९६ साली दिल्ली-मुंबईत आले, पण गोमांसाचा बिग मॅक न आणता मटणाचा 'महाराजा मॅक' घेऊन. महाराजा! आपला वडापाव मात्र मजुराचाच राहिला. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असे सांगतात. गाडी पकडता पकडता उभ्याने खाता येई, ताटवाटी लागत नसे.

नाना तेव्हा गिरणीत नवे होते. एके काळी त्याच मुंबईत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणजे विटाळ! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. नानांच्या गावी तर ते मुंबईला जाईपर्यंत हॉटेलाबाहेर आपल्या लोकांची कपबशी वेगळी असे. म्हणून दादरच्या गाडीची गोष्ट निघाली की नाना वड्याच्या चवीबद्दल बोलतच नाहीत. म्हणतात, "तठे कोनी जात इचारी नही."

१९८२ चा संप फिसकटला. नाना धुळ्याला परतले आणि त्यांनी वडापावची गाडी लावली. वर बाबासाहेबांचा फोटो. पहिले काही दिवस गिऱ्हाईक यायचे, फोटो पाहायचे, आडनाव विचारायचे आणि शेजारच्या गाडीवर जायचे. संध्याकाळी उरलेले वडे घरी यायचे. आम्ही तेव्हा लहान. आम्हाला ती चैन वाटे. काकू मात्र न बोलता तेलाचा हिशेब मांडत. एका हितचिंतकाने सांगितले, "फोटो काढा, धंदा चालेल." नाना म्हणाले, "वडे उरले तर पोरं खातील."

पुढे हमाल येऊ लागले, मग एस.टी.चे ड्रायव्हर-कंडक्टर. वर्षभरात दुपारी गाडीभोवती गर्दी होऊ लागली. शेजारच्या गाडीवर जाणाऱ्यांपैकीही काही परत आले. चटणीत नाना लसूण सढळ हाताने घालत.

वाढदिवसाला आम्ही जळगावात बर्गर आणला. नानांनी अर्धा खाल्ला, पाव मऊ असल्याचे कबूल केले आणि विचारले, "चटणी नही का?"